तळाची वाळू

मासे पाळायचे ठरले की घरातली सगळी चर्चा माशांभोवती फिरते. गोल्डफिश आणायचे की गप्पी, दोन आणायचे की चार, टाकी दोन फुटी घ्यायची की अडीच फुटी, दिवा पांढरा की निळा. वाळूचा विषय निघतो अगदी शेवटी, टाकी टेबलावर बसल्यावर, आणि दोन मिनिटांत संपतो. "कुठलीही टाका, खालीच तर राहायची आहे!"

माझे म्हणणे नेमके उलट आहे. सर्वांत आधी विचार करायचा तो वाळूचा. पाणी बदलता येते, दिवा बदलता येतो, फिल्टर बिघडला तर दुसरा आणता येतो. तळ बदलायचा म्हणजे मात्र मासे बादलीत काढा, झाडे उपटा, पाणी उपसा, सगळा संसारच उचलावा लागतो. घर बांधताना पायाचा विचार आधी करतात, रंगाचा नंतर. इथे आपण रंगापासून सुरुवात करतो.

आता तुम्ही म्हणाल, राळेगणसिद्धीसारख्या गावात राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे माशांचे वेड कुठून लागले? वेड माझे नाही, नातवाचे. पण माझे बी.ए. मराठी माध्यमातले आणि नोकरी खेड्यातल्या शाळेतली. अशा शाळेत भाषेच्या बाईंना वेळेला विज्ञानही शिकवावे लागते, भूगोलही, आणि कवायतसुद्धा. त्यामुळे गल्लीतल्या पोरांना अजून वाटते, की बाईंना सगळे विचारावे. गेल्या काही वर्षांत गावात चार-पाच घरांत काचेच्या टाक्या आल्या. "बाई, ओढ्यातली वाळू चालेल का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. उत्तर एका शब्दात देता आले असते. पण एका शब्दाची उत्तरे परीक्षेत ठीक असतात.

तर आधी हे पाहू, की तळाची वाळू करते काय.

मासा खातो, घाण करतो, उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विषासारखा. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टाकीत जाणार कुठे? तिथे कामाला येतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते मासा बराच सहन करतो आणि झाडे खतासारखे वापरतात. या जिवाणूंना राहायला जागा लागते. ते पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजाला, दगडाला आणि वाळूच्या कणाकणाला. म्हणजे वाळू ही शोभा नव्हे, ती कामगारांची वस्ती आहे. नव्या टाकीत पहिल्या तीन-चार आठवड्यांत मासे पटापट मरतात ते याचमुळे. वस्ती अजून वसलेली नसते.

दुसरे काम झाडांचे. मुळांना धरायला तळ लागतो. तिसरे काम माशांचे स्वतःचे. गोल्डफिशकडे जरा निवांत बसून पाहा. तो दिवसभर वाळू तोंडात घेतो, चाळतो, खाण्याजोगे ठेवतो आणि बाकीचे थुंकून देतो. आपली आजी सुपात तांदूळ पाखडायची तसेच! तळाशी राहणाऱ्या मिशीवाल्या माशांचे तर सगळे आयुष्यच वाळूत. आपल्या ओढ्या-नद्यांतसुद्धा अंग वाळूत पुरून नुसते डोळे बाहेर ठेवणारे बोटभर लांबीचे मासे असतात. लहानपणी ज्यांनी नदीत पाय घातले त्यांनी पायाखालून सळकन गेलेला तो मासा नक्की अनुभवला असेल. अशा माशाला काचेच्या गोट्यांवर ठेवणे म्हणजे माणसाला खडीच्या ढिगाऱ्यावर झोपवणे.

म्हणून माझा पहिला नियम असा : पाणी पाहून मासा निवडावा आणि मासा पाहून वाळू निवडावी. डोळ्यांना काय बरे दिसते ते शेवटी.

आता प्रकार पाहू. बाजारात आणि आसपास मिळून पाच तरी प्रकार दिसतात.

पहिली रंगीत वाळू. निळी, गुलाबी, पोपटी. मुले हट्ट धरतात ती हीच. रंग चांगला बसवलेला असला तर ती निरुपद्रवी असते, पण प्रत्येक पुडीत तो चांगला बसवलेला असतोच असे नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी शहरातल्या दुकानातून आणलेली निळी वाळू धुता धुता तिसऱ्या बादलीपर्यंत पाणी निळेच येत राहिले. शेवटी ती कुंडीत गेली. रंगीत वाळू घ्यायचीच असेल तर मूठभर वाळू पांढऱ्या वाटीत दोन दिवस भिजत ठेवून पाहावी. आणखी एक गंमत सांगते. मासा उठून दिसावा म्हणून लोक पांढरीशुभ्र वाळू घालतात आणि मासाच फिका पडतो. अनेक मासे तळाच्या रंगाप्रमाणे अंगाचा रंग कमी-जास्त करतात. उघड्या पांढऱ्या तळावर शत्रूला दिसू नये म्हणून निसर्गाने दिलेली ती सोय आहे. गडद तळावर तोच मासा कसा झळकतो पाहा.

दुसरी समुद्राची वाळू. कोकणात सहलीला गेलेली मंडळी पिशवीत भरून आणतात. तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी ती नको. आणि किनाऱ्याची वाळू किनाऱ्यालाच राहू द्यावी, हेही आहेच.

तिसरी क्रश सँड, म्हणजे खाणीतला दगड यंत्रात भरडून केलेली वाळू. हल्ली बांधकामावर बहुतेक हीच दिसते. हिचे कण धारदार असतात आणि दगडाचे पीठ फार. कितीही धुतली तरी पाणी गढूळच. तोंडाने वाळू चाळणाऱ्या माशाला ती बोचते. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तळाच्या माशांच्या मिश्या झिजल्या की त्याचे खापर नेहमी वाळूच्या धारेवर फोडले जाते. घाणीने भरलेला, कुजका तळही त्याला तितकाच कारण असतो. नुसती वाळू बदलून आळस झाकता येत नाही.

चौथी सिलिका वाळू. पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये वापरतात ती, एकसारख्या कणांची. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे भागात हिच्या खाणी आहेत. पाण्यात काही सोडत नाही, स्वच्छ असते, कण बहुधा सारखे. टाकीसाठी चांगली.

आणि पाचवी आपली नदीची वाळू. हिच्याबद्दल जरा थांबून बोलावे लागेल, कारण प्रश्न तिचाच होता.

आपला सगळा मुलूख काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. तोच झिजून आपल्या नद्यांची वाळू झाली, म्हणून ती काळपट. आमच्याच पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीचे रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगड-गोट्यांनी आणि वाळूने त्या कातळात रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना वाळू काय करू शकते हे वेगळे सांगायला नको. कातळ वाळूला घडवतो आणि वाळू कातळाला. अशा नदीतून आलेल्या कणाच्या धारा बोथट झालेल्या असतात. म्हणून माशाच्या तोंडाला ती मऊ. काळपट रंगावर मासेही छान दिसतात.

पण दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली चुनखडी. आपल्या कमी पावसाच्या भागात जमिनीत पांढऱ्या चुनखडीचे खडे असतात, ते वाळूतही येतात. परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरडी वाळू बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. लिंबूही चालते, फक्त बुडबुडे जरा हळू दिसतात. संडास धुवायचे ॲसिड मात्र मुलांच्या हाती देऊ नका, ही परीक्षा त्याशिवाय होते. बुडबुडे आले म्हणून घाबरायचेही कारण नाही. आपले विहिरीचे, बोअरचे पाणी मुळातच जड असते. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. गप्पी, मोली यांना असे पाणी मानवते. ज्यांना मऊ पाण्याचे नाजूक मासे ठेवायचे आहेत त्यांनी चुन्याची वाळू टाळावी. खरे सांगायचे तर आपल्याकडे त्यांनी ते मासेच टाळावेत. पाण्याशी भांडून मासे पाळता येत नाहीत.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. बेसॉल्टच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. शाळेत आम्ही कागदावर वाळू पसरून खालून चुंबक फिरवायचो, कण उभे राहून नाचायचे आणि सगळा वर्ग बाकांवर उभा! टाकीत हे कण माशांना काही करत नाहीत, पण फिल्टरच्या मोटरच्या आत चुंबक असतो. तिथे ते जाऊन बसले की मोटर अडकते. म्हणून धुतलेल्या वाळूतून एकदा चुंबक फिरवावा आणि फिल्टरचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवावे.

म्हणजे गुणांनी पाहिले तर नदीची वाळू पास, तीही पहिल्या वर्गात. मग ओढ्यात जायचे आणि गोणी भरायची का?

इथे माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मांडते.

आधी हिशोब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला दीड इंच वाळू घातली तर साधारण सात लिटर लागते, वजनात दहा-अकरा किलो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २८०० लिटर. एका ब्रासमध्ये अशा जवळजवळ ४०० टाक्यांचे तळ होतात. सगळ्या तालुक्यातल्या टाक्या मोजल्या तरी एक ट्रॅक्टर भरायचा नाही. आपल्या जिल्ह्यात मुळा, प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा या नद्यांतून रात्रीत किती ट्रॅक्टर निघतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. वाळू पकडायला गेलेल्या महसूल पथकांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या राज्यभरातून येतात. या पुढे पोराची एक गोणी म्हणजे काय? काहीच नाही. संख्येच्या हिशोबात माझी बाजू हरते, हे कबूल.

पण माझा मुद्दा संख्येचा नाहीच, सवयीचा आहे.

आमच्या गावात १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने जी कामे झाली त्यात कुऱ्हाडबंदी होती आणि चराईबंदीही होती. एका फांदीने डोंगर उघडा पडत नाही, एका शेळीने गवत संपत नाही. हिशोब तिथेही बरोबर होता. तरी बंदी फांदीलाही होती आणि शेळीलाही. कारण डोंगर ज्यांनी उघडा केला त्यातल्या प्रत्येकाने एकेक फांदीच तोडली होती. "ही कुणाची नाही, म्हणून माझी" असे ज्या वस्तूबद्दल वाटते, ती वस्तू संपते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण गोणी आणि फावडे देऊन ओढ्यात पाठवतो तेव्हा वाळूबरोबर हेही घरी येते, की ओढ्यातले घ्यायला कुणाला विचारावे लागत नाही. मला भीती आहे ती या शिकवणीची. वाळू कायद्याने गौण खनिज आहे. 'गौण' हा शब्द कायद्यातला, नदीला विचारले तर ती वेगळे सांगेल.

नदीला वाळू कशाला लागते, हे त्याच मुलाला टाकीसाठी आणलेल्या वाळूवर दाखवता येते. एक लिटरची बरणी कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. भरलेली दिसते ना? आता मापाने पाणी ओता. तिसऱ्या भागाहून अधिक पाणी, म्हणजे ३५०-४०० मिलिलिटर, आत मावते आणि वाळू तसूभर वर येत नाही. पोरे आ वासून बघतात. मग म्हणावे, आता ही बरणी नदीएवढी लांब कर. एक ब्रास वाळूच्या पोकळीत सुमारे हजार लिटर पाणी राहते. वरचे हात-दीड हात पाणी उन्हाने उडते, त्याखालचे वाळूच्या सावलीत टिकते. पूर्वी उन्हाळ्यात कोरड्या नदीत झिरे खोदून बायका वाटी-वाटीने घागरी भरायच्या, ते पाणी हेच. नदीतली वाळू काढली की पावसाचे पाणी थांबत नाही, धावत सुटते, आणि खड्डा विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला तर काठच्या विहिरींचे पाणी उलट त्या खड्ड्यात येते. बरे, नदीला वाळू पुन्हा मिळते ती पुरातून, वरच्या अंगाने. वर धरण झाले की तीही वाट अडते.

राळेगणचा सगळा धडा एका वाक्यात सांगायचा तर : धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जमिनीत मुरू द्या. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. इथे पाझर तलाव, नालाबांध, डोंगरउतारावरचे चर हे सगळे त्याच एका कामासाठी झाले. वाळू तेच काम फुकट करते, श्रमदानही न मागता! मग ओढ्याच्या तळाची वाळू ही राळेगणच्या माणसाला नुसती वाळू कशी वाटेल?

कोणी म्हणेल, बाई, मग तुमचे घर कशाचे बांधले? वाळूचेच. प्रश्न रास्त आहे. घराला वाळू लागते, आणि गरिबाच्या घराला ती स्वस्तात मिळाली पाहिजे. सरकारने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचे धोरण आणले. २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाची पद्धत आली, घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले आणि कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळू उपशालाही पर्यावरणाची परवानगी लागेल असे सांगितले होते. धोरणे येतील-जातील. मला एवढेच कळते, की जिथे हजारो ब्रास लागते त्या बांधकामाने भरडलेल्या वाळूकडे वळावे, कारण भिंतीला धारदार कण टोचत नाही. आणि जिथे दहा किलो लागते त्या टाकीत नदीची वाळू घालावी, कारण माशाच्या तोंडाला ती टोचत नाही. आज होते उलट. माशांच्या टाकीसाठी दुकानातून रंगीत पुड्या आणि इमल्यासाठी नदी.

मग ती दहा किलो आणायची कुठून? आलेल्यातून घ्यायची. गावात कुठे ना कुठे घर बांधायचे चाललेले असते. जिथे नदीची वाळू आलेली असेल तिथे गिलाव्यासाठी ती चाळतात. मालकाला विचारून त्यातली दोन घमेली घ्यावी. मालकाला विचारून, हे महत्त्वाचे. काम संपल्यावर ढिगाच्या बुडाशी राहिलेली, पावसात वाहून जाणारी वाळू तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त तिच्यात सिमेंट किंवा चुना मिसळलेला नसावा. सिमेंट पाण्याला फार तिखट करते, मासे जगत नाहीत. असे काही नसेल तर सिलिका वाळूची पिशवी विकत घ्यावी. तीही खाणीतूनच येते, हे मला कळते. पण तिच्यावर हिशोबाचा कागद असतो.

आणि ओढ्यात जाऊच नये का? जरूर जावे. ओंजळभर वाळू घरी आणून भिंगाखाली जरूर पाहावी. बघायला ओंजळ पुरते. माझा विरोध गोणीला आहे, ओंजळीला नाही.

असो. वाळू मिळाली. आता पुढचे थोडक्यात.

वाळू मैदा चाळायच्या नव्हे, गव्हाच्या चाळणीने चाळावी, मोठे खडे बाजूला काढावेत. बारीक दाणा, साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा, सर्वांत बरा. वाटाण्याएवढे खडे गोल्डफिशच्या तोंडात अडकतात आणि खड्यांच्या फटीत अन्न जाऊन कुजते. वाळूवर घाण वरच राहते, नळीने ओढून घेता येते. मग धुणे. बादलीत थोडी थोडी घेऊन हाताने ढवळायची, गढूळ पाणी ओतायचे, वरचे पाणी नितळ राहीपर्यंत. साबण अजिबात नको. हे गढूळ पाणी मोरीत नको, झाडांना घाला.

थर दीड इंचाचा पुरे, झाडे लावायची असतील तर अडीच. चार-पाच इंच घालायचा मोह टाळा. बारीक वाळूत खोलवर हवा पोचत नाही, तिथे दुसऱ्या तऱ्हेचे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. मधून मधून बोटाने किंवा काडीने वाळू हलवावी. लांबट शंकूसारख्या शंखाच्या, वाळूत घुसणाऱ्या गोगलगायी मिळाल्या तर त्या हे काम बिनपगारी करतात. जुन्या टाक्यांमध्ये तळाला भोकांची जाळी ठेवून खालून पाणी ओढायचा फिल्टर असायचा. तसा असेल तर वाळू नको, ती भोके बुजवते. तिथे खडेच हवेत.

पाण्याबद्दल एक. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती माणसाला हितकारक, माशाला आणि वाळूतल्या जिवाणूंना घातक. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे. वाळू कधी धुवायची वेळ आली तर तीही टाकीतल्याच पाण्यात खळबळावी, नळाखाली धरू नये. नाहीतर वसवलेली वस्ती एका झटक्यात उठते.

आता शेवटचा आक्षेप, जो मला गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी घेतला होता. "बाई, दुष्काळी तालुक्यात माशांना पाणी?" आक्षेपाचा राग आला नाही. ज्या पिढीने १९७२ पाहिला तिने असेच विचारावे. पण ६० लिटरच्या टाकीत आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले तर ते होते १५ लिटर, एक मोठी घागर. आणि ती वाया जात नाही. माशांच्या घाणीने ते खतावलेले असते, तुळशीला, मिरचीला, पारिजातकाला ते घालावे. उन्हाळ्यात टँकर सुरू असेल तेव्हा नवी टाकी सुरू करू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. ज्या घरात घागर मोजून भरली जाते त्या घरातल्या मुलाने माशाची घागरही मोजावी. मला तर वाटते, पाण्याचा हिशोब शिकवायला टाकीसारखी दुसरी वही नाही.

एक विनंती जाता जाता. कंटाळा आला, मासे मोठे झाले, म्हणून टाकी ओढ्यात किंवा तलावात रिकामी करू नका. तळ साफ ठेवतो म्हणून दुकानदार हौसेने देतात तो सकर मासा फुटाहून मोठा होतो. उजनीच्या जलाशयात तो असा पसरला आहे, की मच्छीमारांची जाळी फाटतात आणि खायचे मासे मागे पडतात. त्याला कुणी मुद्दाम तिथे पाळले नव्हते. मासे ज्याला हवेत त्याला द्यावेत. आणि वाळू? ती धुऊन, वाळवून पुढच्याला द्यावी, नाहीतर बांधकामावर परत. वाळू शिळी होत नाही.

ओढ्यातली वाळू चालेल का, असे विचारणाऱ्या मुलाला मी आता सरळ सांगते : चालेल रे, माशाला चालेल. ओढ्याला चालेल का, ते ओढ्याकडे जाऊन बघून ये. बहुतेक पोरे जातात. काही परत येऊन सांगतात, की बाई, हात खुपसला तर खाली ओल लागली. मे महिन्यात ओल लागली असे सांगणाऱ्या मुलाला पुढचे काही समजावावे लागत नाही.